उन्हाळ्यातली पहाट कोणाची?



वैशाख लागला की आमच्या मेहकरच्या माणसाला घड्याळाची गरज राहत नाही. सकाळी आठला घरावरचा पत्रा तापू लागतो, अकराला बाजारातली वर्दळ ओसरते आणि दुपारी तीनला पैनगंगेच्या पुलावर चिटपाखरू दिसत नाही. पुढे मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि विदर्भात ज्याला नवतपा म्हणतात ते दिवस येतात. रात्रीही सुटका नसते. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती आणि डोक्यावरचा पत्रा अर्ध्या रात्रीपर्यंत घरात उष्णता सोडत असतात. लहान मुले रडतात, म्हातारी माणसे ओसरीवर कूस बदलत पडून राहतात आणि डोळा लागतो न लागतो तोच कोंबडा आरवतो.

अशा या दिवसांत आम्ही काही मंडळी पहाटे पाच वाजता विहाराच्या पिंपळाखाली जमतो आणि फिरायला निघतो. दोन शिक्षक, एक निवृत्त बस कंडक्टर, एक टेलर, दवाखान्यात काम करणारी एक भगिनी आणि आमच्यासारखे दिवसभर खुर्चीत बसून कागद काळे करणारे दोघे-तिघे. सुरुवात काही मोठ्या ध्येयाने झाली नाही. कोणाला साखर निघाली, कोणाचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी चालायला सांगितले. हिवाळ्यात चालणे सोपे असते. उन्हाळा लागला की बहुतेक जण सोडून देतात आणि चार महिन्यांची कमाई चार आठवड्यांत घालवतात. म्हणून आम्ही ठरवले, उन्हाळ्यात चालणे बंद करायचे नाही, वेळ बदलायची.

ही वेळ कोणती, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सूर्य मावळल्यानंतर जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत असते आणि सूर्य उगवेपर्यंत ती निवतच जाते. त्यामुळे दिवसातली सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या आसपासची असते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मेहकरला सूर्य सुमारे पावणेसहाला उगवतो. पाच ते सव्वासहा हा सव्वा तास आपला. याउलट सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या आत, पण उकाड्याचा कळस होतो तीन-चार वाजता, कारण जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो. ऊन उतरले असे समजून चार वाजता बाहेर पडणारा माणूस खरे तर भट्टीच्या तोंडाशी जात असतो.

आता ज्या प्रसंगामुळे हे सदर लिहायला बसलो तो सांगतो.

एका पहाटे आम्ही लोणार रस्त्याने परत येत होतो. समोरून आपल्याच वस्तीतल्या चार बाया येत होत्या. डोक्यावर घमेली, कमरेला भाकरीचे गाठोडे, हातात पाण्याची बाटली. इमारतीच्या कामावर जाणाऱ्या. एरवी त्या आठ-नऊला निघतात, त्या दिवशी काम लांब होते म्हणून लवकर निघाल्या होत्या. त्यांतल्या एका मावशीने आम्हाला हटकले, "काय भाऊ, एवढ्या फाटे कुठी चालले होते?" आम्ही म्हणालो, "मावशी, फिरायला गेलो होतो. ऊन व्हायच्या आत परत." मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरं हाये भाऊ. तुमी ऊन व्हायच्या आत घरी. आमचं काम त ऊन झाल्यावरच सुरू व्हते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे आहे ते त्यांनी सांगितले आणि त्या पुढे गेल्या. पण आमच्या मंडळींपैकी घरापर्यंत कोणी बोलले नाही.

ऊन झाल्यावर सुरू होणारा दिवस! वाचकहो, हे वाक्य आपल्या इतिहासात फार जुने आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी जातींवरील आपल्या १९३२ च्या इंग्रजी ग्रंथात नोंदवून ठेवले आहे की, पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी तीनपासून सकाळी नऊपर्यंत राहण्यास मनाई होती. कारण काय? सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर माणसाची सावली लांब पडते. ती सावली वरच्या जातीच्या माणसावर पडली तर तो विटाळेल! कमरेला बांधलेल्या झाडूची हकिकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात ती मांडली आहे. पण या तासांच्या मनाईकडे आपले लक्ष फारसे जात नाही. नीट विचार करा. दिवसातला सगळा थंड वेळ, पहाट, सकाळ आणि संध्याकाळ, आपल्या पूर्वजांना नाकारलेला होता. मोकळीक होती ती नऊ ते तीनची, म्हणजे भर उन्हाची!

रस्त्याने चालणे हासुद्धा आपल्याकडे हक्काचा लढा होता. केरळातल्या वायकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांना चालता यावे एवढ्यासाठी मार्च १९२४ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९२५ पर्यंत चालला. आपल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्याकडे चालत गेली. पाणी प्यायला गेली हे खरेच, पण आधी ती गावाच्या रस्त्यावरून रांगेने, ताठ मानेने चालली. आज आपण सकाळी पायात बूट घालून हमरस्त्याने फिरतो, तेव्हा ही साधी बाब नाही हे मुलांना सांगितले पाहिजे.

मेहकरचे अक्षांश साधारण वीस अंश. त्यामुळे २१ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच राहते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. मुलांना अंगणात एक काठी उभी करून हा प्रयोग दाखवावा आणि सोबत पेशवाईतल्या सावलीची हकिकतही सांगावी. सूर्य जात विचारत नाही, सावलीला विटाळ नसतो, हे व्याख्यान देऊन पटवण्यापेक्षा काठीने लवकर पटते. मुलांना पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ उन्हात ठेवू नये, हे सांगायला नको.

पहाटे फिरणे हे आपल्या धम्मालाही परके नाही. चालण्याला पालीत चंकम म्हणतात, मराठीत आपण चंक्रमण म्हणतो. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसण्याची ताकद येते, प्रयत्न करण्याची शक्ती वाढते, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना मिळवलेली एकाग्रता फार काळ टिकते. विनयपिटकात तर अशी हकिकत आहे की वैशालीला गोडधोड जेवण करून भिक्खू आजारी पडू लागले, तेव्हा वैद्य जीवकाने भगवंतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमणाची आणि वाफेच्या स्नानाची अनुज्ञा द्यावी. म्हणजे बैठे काम आणि जड जेवण यांवरचा उपाय अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने हाच सांगितला होता. पुढे उघड्यावर चालणाऱ्या भिक्खूंना थंडीचा आणि उन्हाचा त्रास होऊ लागला, तेव्हा भगवंतांनी चालण्याच्या जागेवर छप्पर घालण्याचीही अनुज्ञा दिली. उन्हात शरीराला विनाकारण जाळणे हे तप आहे, असे तथागत मानत नव्हते.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण आपल्यातही फाजील धीटपणा करणारे असतात. आमच्याच मंडळीतला अनुभव सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमचा एक सोबती परतीच्या वाटेवर अचानक थांबला. हातपाय थरथरू लागले, अंगाला गार घाम सुटला, बोलणे अडखळू लागले. सगळे म्हणाले, ऊन लागले. एकाने खिशातला कांदा काढला आणि फोडून त्याच्या नाकाशी धरला! दवाखान्यात काम करणारी आमची भगिनी सोबत होती म्हणून बरे. तिने विचारले, "दादा, साखरेची गोळी घेतली का? काही खाल्लं का?" गोळी घेतली होती, खाल्ले काहीच नव्हते. सकाळचे सहा वाजले होते, ऊन कुठले लागणार? रक्तातली साखर उतरली होती. तो शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून रस्त्यावरच्या टपरीवरून साखर आणून पाण्यात विरघळवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस सावध झाला.

कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही, ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे. कांदा भाकरीसोबत खावा, चवीला चांगला आहे. परंतु खिशातला कांदा शरीराचे तापमान उतरवत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या ५१ (क) कलमात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते आजारपणात आधी आठवले पाहिजे.

खरा उष्माघात ओळखावा कसा? अंग तापून ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. पुष्कळदा कातडी कोरडी पडते, पण कष्टाचे काम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. अशा वेळी माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. नुसता थकवा, चक्कर, पायात गोळे एवढेच असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. हीच जलसंजीवनी. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. उपाय गरिबाच्या चुलीजवळचा आहे, माहिती मात्र हवी.

असो. मावशींच्या बोलण्याकडे परत येतो. ते बोलणे आम्हाला झोपू देईना. विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विषय काढला. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात कमाल तापमान चाळीस अंशांवर असून नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले किंवा सरळ पंचेचाळीसला पोचले की उष्णतेची लाट समजतात. मग अशा दिवशी दुपारी एक वाजता विटा वाहणाऱ्या बाईचे काय? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. तास हा कामगाराच्या जिवाचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. आमचा प्रश्न तास कमी करण्याचाही नव्हता. तेवढेच तास सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चारनंतर ऊन उतरेल तसे घ्यावेत, एवढेच म्हणणे होते.

आम्ही चौघे जण ठेकेदाराला भेटलो. त्याने चहा पाजला आणि नाही म्हणाला. स्लॅब टाकायचा असला की काम मध्ये थांबवता येत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. आम्ही म्हणालो, स्लॅब रोज पडत नाही. खोदकाम, विटा वाहणे, गिलावा, ही कामे तर सकाळी होतात? दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. शेवटी उन्हाळ्यापुरते तो कबूल झाला आणि कामाच्या जागी जुन्या साड्यांचा मांडव आणि दोन रांजण ठेवले गेले. आम्ही मोठ्या आनंदाने मावशींना सांगायला गेलो.

आणि इथे आमची खरी परीक्षा झाली. मावशी म्हणाल्या, "सहाले कामावर यायचं म्हणजे तीनले उठा लागते, भाऊ. पानी कोन भरन? भाकरी कोन थापन?"

आम्ही निरुत्तर झालो. ठेकेदाराशी बोलताना आमच्याजवळ कायदा होता, हवामान खाते होते, बाबासाहेब होते. या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण त्याचे उत्तर आमच्याच घरात द्यायचे होते. घरी येऊन सौभाग्यवतींना हे सांगितले, तर त्या हंडा खाली ठेवत म्हणाल्या, "तुम्ही फिरून येता तेव्हा हंडे भरलेले असतात आणि चहा झालेला असतो. म्हणून तुम्हाला पहाट मोकळी दिसते." इतकी वर्षे आम्ही समाजकार्य करतो, सभांतून स्त्री-पुरुष समतेवर बोलतो, पण आपली बायको कधी फिरायला का आली नाही, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. पेशव्यांनी पहाट हिरावली होती असे आम्ही म्हणतो. घरातल्या बाईची पहाट कोणी हिरावली?

दुसऱ्या दिवसापासून नळाच्या दिवशी पाणी भरण्याचे काम आम्ही आणि आमचा मुलगा करतो. पहिल्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहून हसून घेतले. मुलाला लाज वाटली, आम्हालाही थोडी वाटली, हे कबूल करतो. आता कोणी हसत नाही. मावशींच्या घरी त्यांच्या दोन मोठ्या मुलांशी आम्ही बोललो. धाकटा ऐकतो, पाणी भरतो आणि कणिक मळायलाही शिकला. थोरला अजून ऐकत नाही. चार बायांपैकी दोघी सहाला कामावर जातात आणि अकराला सावलीत येतात. उरलेल्या दोघींना अजून जमलेले नाही. सगळे चांगले झाले असे लिहून वाचकांना फसवणार नाही. पण दोघी उन्हातून सुटल्या हे खोटे नाही.

आणि आमच्या पिंपळाखाली आता पाच महिला येतात. त्यांच्यासाठी आम्ही रस्ता बदलला. दिवे असलेला रस्ता धरला, सगळे सोबत निघतात आणि सोबत परततात. सौभाग्यवती आमच्यापेक्षा भरभर चालतात, हे आम्हाला पंचवीस वर्षांच्या संसारानंतर कळले.

आता समाजबांधवांना चार गोष्टींची विनंती. पहिली, ज्यांना साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच पहाटे चालावे आणि खिशात कांद्याऐवजी गूळ किंवा खडीसाखर ठेवावी. निघण्याआधी पाणी प्यावे, फिकट सुती कपडे घालावेत आणि ऊन अंगावर यायच्या आत घर गाठावे. रात्री उकाड्याने झोप झाली नसेल तर त्या दिवशी न चाललेलेच बरे.

दुसरी, आपले कार्यक्रम. १४ एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा, आपले दोन्ही मोठे दिवस उन्हाळ्यात येतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे एका पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. हे कोणाही समाजाच्या कार्यक्रमात होऊ शकते. म्हणून धम्मध्वजारोहण आणि वंदना सकाळी आठच्या आत, मिरवणूक सूर्य मावळल्यावर आणि पाहुण्यांसाठी श्रोत्यांना उन्हात ताटकळत ठेवणे बंद, एवढा नियम प्रत्येक विहाराने करावा. डोक्यावर मांडव असावा आणि प्यायला पाणी असावे.

तिसरी, आपल्या वस्तीत बांधकामावर, वीटभट्टीवर, शेतात कोण कोण जातात याची यादी विहारात करावी आणि त्यांच्या मालकांना भेटावे. भांडायला जाऊ नये, पण एका नकारावर परतही येऊ नये. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी उन्हात खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. त्यांना पर्याय नव्हता. आज आपल्यातले काही जण शिकून सावलीत बसले आहेत. सावलीत बसलेल्याने उन्हातल्याची चौकशी करायची नाही, तर मग शिकलो कशाला?

चौथी विनंती घरातल्या पुरुषांना आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. उद्या पहाटे उठा. आधी हंडे भरा. मग घरधनिणीला म्हणा, चला, दोघे मिळून फिरून येऊ.

जय भीम. नमो बुद्धाय.